क्वांटम डॉट, लेसर आणि प्रकाशाचा परिसर : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

मागील अंकात आम्ही अर्धवाहक (सेमीकंडक्टर) क्वांटम डॉटविषयी, म्हणजे केवळ काही नॅनोमीटर आकाराच्या आणि त्या आकारानुसार वेगवेगळा रंग देणाऱ्या स्फटिककणांविषयी, एक टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत नाशिक शहर आणि जिल्ह्यातील पत्रे सर्वांत अधिक होती, म्हणून हे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. प्रश्न टीव्हीच्या दुकानातले आहेत, प्रयोगशाळेतले आहेत आणि द्राक्षबागेतलेही आहेत. सर्वांना सारखी जागा देता आलेली नाही. देवळालीच्या निवृत्त शिक्षकांचा प्रश्न विषयाच्या मुळाला हात घालतो, त्यामुळे त्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मेन रोडवरील एका दुकानात विक्रेत्याने सांगितले की, ‘क्यूएलईडी’ म्हणजे क्वांटम डॉटचा टीव्ही आणि त्यातील प्रत्येक कण विजेवर स्वतः प्रकाशतो. हे खरे आहे का? त्यात कॅडमियम असते असेही ऐकले. असा टीव्ही घरात ठेवणे धोक्याचे नाही का? (एक वाचक, सिडको)

टीव्हीत क्वांटम डॉट असतात हे खरे, पण ते विजेवर प्रकाशतात हे खरे नाही. या नावाने विकल्या जाणाऱ्या टीव्हीत पडद्यामागे सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देणारे नेहमीचेच एलईडी असतात आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉट मिसळलेली एक पातळ फिल्म असते. फिल्ममधील लहान कण या निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून हिरवा प्रकाश देतात, मोठे कण लाल देतात आणि उरलेला निळा तसाच पुढे जातो. पुढे चित्र तयार करण्याचे काम एलसीडी पडदाच करतो. लाभ एवढाच, पण तो खरा आहे, की प्रत्येक रंगाचा पट्टा तीस-चाळीस नॅनोमीटरइतका अरुंद असल्याने लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळत नाहीत आणि रंग अधिक शुद्ध दिसतात. डॉटला थेट वीज देऊन पडदा उजळवण्याचे काम संशोधनाच्या पातळीवर बरेच पुढे गेले आहे. त्यात निळ्या रंगाच्या कणांचे आयुष्य ही मोठी अडचण ठरली आहे.

कॅडमियमबद्दलची आपली काळजी योग्य आहे. २०१३ साली बाजारात आलेल्या पहिल्या क्वांटम डॉट टीव्हीत कॅडमियम सेलेनाइडच वापरले होते, परंतु त्यानंतर अनेक उत्पादकांनी इंडियम फॉस्फाइड हा कॅडमियमविरहित पर्याय स्वीकारला. युरोपीय संघाच्या नियमानुसार उपकरणातील पदार्थात कॅडमियमचे प्रमाण वजनाने ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक नसावे अशी मर्यादा आहे. कण बंदिस्त फिल्ममध्ये असल्याने टीव्ही पाहताना त्यांच्याशी संपर्क येत नाही. खरा धोका आहे तो टीव्ही फुटल्यावर किंवा जुना झाल्यावर तो भंगारात जाऊन जाळला जाण्याचा, म्हणून असा संच अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा.

प्रश्न : नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली नोटेवरील क्रमांक चमकतो, तेही क्वांटम डॉटमुळेच का? (एक वाचक, जेल रोड)

नाही. महात्मा गांधी मालिकेतील नोटांचे क्रमांक प्रतिदीप्त शाईने छापले जातात आणि प्रतिदीप्ती ही घटना क्वांटम डॉटच्या शोधापेक्षा फार जुनी आहे. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ सालीच तिचे शास्त्रीय वर्णन केले होते. दोन्हींत जास्त ऊर्जेचा प्रकाश शोषून कमी ऊर्जेचा प्रकाश बाहेर टाकला जातो हे साम्य आहे. फरक असा की, प्रतिदीप्त शाईचा रंग बदलायचा तर तिच्यातील द्रव्यच बदलावे लागते. क्वांटम डॉटमध्ये द्रव्य तेच ठेवून केवळ कणाचा आकार बदलला तरी रंग बदलतो.

प्रश्न : मी टी.वाय.बी.एस्सी.मध्ये आहे. प्रकल्पासाठी कॅडमियम सेलेनाइडच्या ४ नॅनोमीटर व्यासाच्या कणाची ऊर्जा, आकारावरून ती सांगणाऱ्या ब्रुस यांच्या समीकरणाने काढली, तेव्हा उत्तर सुमारे २.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आले. प्रत्यक्ष मोजमापांत मात्र एवढ्याच कणाचे शोषण सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टला दिसते. गणित पुन्हा तपासले तरी तेच येते. चूक कुठे आहे? आणि याच विषयात पुढे शिकायचे असल्यास काय करावे? (एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

आपले गणित बरोबर आहे. समीकरण उभे करताना जी गृहीतके धरली आहेत, ती इतक्या लहान कणापाशी तोकडी पडतात.

आपण केलेली आकडेमोड क्रमाने पाहू. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकाचा ऊर्जाफट, म्हणजे प्रकाश शोषण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे ७१३ नॅनोमीटर, दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापाशी आहे. प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो, खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते आणि ही जोडी एकमेकांच्या आकर्षणात बांधलेली राहते. मोकळ्या स्फटिकात या जोडीची नैसर्गिक त्रिज्या साडेपाच नॅनोमीटरच्या आसपास असते. आपल्या कणाची त्रिज्या मात्र २ नॅनोमीटरच आहे. इलेक्ट्रॉनच्या लहरीला इतक्या तोकड्या जागेत मावावे लागल्याने तिची ऊर्जा वाढते आणि ही वाढ त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. इलेक्ट्रॉनचे ‘परिणामी वस्तुमान’, म्हणजे स्फटिकात तो जेवढा जड असल्यासारखा वागतो ते वस्तुमान, मूळ वस्तुमानाच्या ०.१३ पट आणि होलचे ०.४५ पट धरले, तर ही वाढ सुमारे ०.९३ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. दोघांच्या आकर्षणामुळे त्यातून सुमारे ०.१३ वजा होतात आणि आपण काढलेले २.५४ हे उत्तर मिळते.

आता दोन गृहीतके तपासा. पहिले म्हणजे कणाची सीमा ही अनंत उंचीची भिंत मानली आहे. वास्तवात ती भिंत मर्यादित उंचीची असते, इलेक्ट्रॉनची लहर पृष्ठभागावरील रेणूंत किंवा बाहेरच्या कवचात थोडी पसरते आणि त्यामुळे तिला मिळणारी जागा आपण धरली त्यापेक्षा मोठी असते. दुसरे असे की, ०.१३ हे वस्तुमान पट्ट्याच्या अगदी तळाशी मोजलेले आहे, पण लहान कणातील इलेक्ट्रॉन तळापासून बराच वर असतो आणि तेथे तो अधिक जड वागतो. दोन्ही कारणांनी खरी ऊर्जा गणिताने काढलेल्या ऊर्जेपेक्षा कमी निघते. कण जसजसा मोठा घ्याल तसतशी ही तफावत घटत जाईल. म्हणून माझी सूचना अशी आहे की, एकाच कणाचे उत्तर जुळवण्याच्या मागे न लागता पाच-सहा आकारांसाठी गणिताची आणि मोजमापाची ऊर्जा एकाच आलेखावर मांडा. त्या दोन रेषांमधील, लहान कणांकडे वाढत जाणारे अंतर हाच आपल्या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग ठरेल.

या विषयाचा इतिहासही आपल्याला उपयोगी पडेल. अलेक्सी एकिमोव्ह यांनी १९८१ साली सोव्हिएत रशियात काचेत तयार झालेल्या कॉपर क्लोराइडच्या कणांचे शोषण आकारानुसार सरकते असे दाखवले. लुई ब्रुस यांना १९८३ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत हाच परिणाम आढळला, तेव्हा त्यांना एकिमोव्ह यांच्या कामाची माहिती नव्हती. काचेतील कण बाहेर काढता येत नव्हते आणि द्रावणातील कण एकसारखे होत नव्हते. ही कोंडी १९९३ साली मुंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत फोडली. सुमारे तीनशे अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावकात त्यांनी रसायने एकदम टोचली, त्यासरशी सर्व कणांची बीजे एकाच क्षणी तयार झाली, द्रावकाचे तापमान खाली आल्याने नवी बीजे तयार होणे थांबले आणि पुढे तीच बीजे सावकाश, बरोबरीने वाढत गेली. या पद्धतीत चंबूतून थोड्या थोड्या वेळाने नमुना काढत गेल्यास द्रावण आधी पिवळसर, मग नारिंगी आणि मग लाल होत गेलेले साध्या डोळ्यांना दिसते. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) इतक्या उघडपणे डोळ्यांसमोर येण्याचे प्रसंग विज्ञानात फार थोडे आहेत, असे मला वाटते. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कॅडमियमचे कण महाविद्यालयीन प्रयोगशाळेत योग्य धूरपेटीशिवाय आणि मार्गदर्शकाशिवाय करून पाहू नका. साखरेपासून करता येणारे कार्बन डॉट सोपे आणि सुरक्षित असतात, पण त्यांचा रंग बऱ्याच अंशी पृष्ठभागावरील रसायनाने ठरतो, त्यामुळे आपले समीकरण तपासण्यास ते योग्य नाहीत. पुढील शिक्षणाचे म्हणाल तर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नायस’ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘व्हीएसआरपी’ हे विद्यार्थ्यांसाठीचे संशोधन उपक्रम पाहा. एम.एस्सी.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, तसेच ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेतून आयआयटी मुंबईचा मार्ग आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६००३.६५ कोटी रुपयांची तरतूद असून ते २०३०-३१ पर्यंत चालणार आहे. त्यातील संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत, तर साहित्य आणि उपकरणांचे केंद्र आयआयटी दिल्लीत आहे. एक विनंती, रसायनशास्त्राकडे दुर्लक्ष करू नका. या क्षेत्रात चांगले कण बनवणारा आणि त्यांचे गणित जाणणारा माणूस एकच असेल तर त्याचे काम फार पुढे जाते.

प्रश्न : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्याकडे पत्रा कापण्याचे फायबर लेसर यंत्र आहे. क्वांटम डॉट लेसर आल्यावर अशी यंत्रे स्वस्त होतील का? (एक उद्योजक)

आपल्या यंत्रावर त्याचा परिणाम होण्याचे कारण दिसत नाही. आपल्या यंत्रात ९१५ किंवा ९७६ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणारे अर्धवाहक डायोड असतात, त्यांचा प्रकाश इटर्बियम मिसळलेल्या काचतंतूत सोडला जातो आणि तेथून सुमारे १.०७ मायक्रोमीटरचा जो शलाका-प्रकाश निघतो तो पत्रा कापतो. या डायोडकडून मुख्यतः भरपूर शक्तीची अपेक्षा असते आणि त्यासाठी अर्धवाहकाचा सलग पातळ थर, ज्याला क्वांटम वेल म्हणतात, उत्तम काम देतो.

क्वांटम डॉट लेसरची थोरवी वेगळ्या ठिकाणी आहे. टोकियो विद्यापीठातील अराकावा आणि साकाकी यांनी १९८२ साली असे मांडले की, इलेक्ट्रॉनला तिन्ही दिशांनी कोंडले तर त्याच्या ऊर्जापातळ्या सुट्या होतात, उष्णतेने तो आसपासच्या पातळ्यांत विखुरत नाही आणि म्हणून लेसर सुरू होण्यास लागणारी वीज तापमानाबरोबर वाढत नाही. असे लेसर प्रत्यक्षात १९९४ पासून तयार होऊ लागले. त्यांतील डॉट कोणी कोरून बनवत नाही. निर्वात पात्रात गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावर इंडियम आर्सेनाइडचे अणू सावकाश सोडतात. दोन्ही स्फटिकजालांत सुमारे ७ टक्क्यांचा फरक असल्याने दीड-पावणेदोन अणुथरांपर्यंत नवा थर ताण सोसत सपाट राहतो आणि त्यापुढे तो आपोआप सुमारे २० नॅनोमीटर रुंद आणि ५ नॅनोमीटर उंच अशा बेटांत फुटतो. बेटे सगळी सारखी नसतात, म्हणून प्रत्येकाचा रंग किंचित वेगळा असतो आणि एका रंगाच्या लेसरला त्यांतील काहीच उपयोगी पडतात. हीच विषमता अनेक रंग एकदम देणाऱ्या किंवा अतिशय छोटे स्पंद देणाऱ्या लेसरांना मात्र हवी असते.

या लेसरांचा सर्वांत मोठा उपयोग सिलिकॉनवर दिसतो. सिलिकॉन स्वतः चांगला प्रकाश देत नाही आणि त्यावर दुसरा अर्धवाहक वाढवला की स्फटिकात दोषरेषा येतात. सलग थरात इलेक्ट्रॉन भटकत त्या दोषापर्यंत पोहोचतो आणि वाया जातो. डॉटमध्ये तो आपल्या जागी अडकलेला असल्याने दोषरेषा ज्या डॉटमधून जाते तेवढेच डॉट निकामी होतात, बाकीचे काम करत राहतात. काचतंतूतून माहिती पाठवण्यासाठी लागणारा १.३ मायक्रोमीटरचा प्रकाश सिलिकॉन चिपवरच निर्माण करण्याची आशा त्यामुळे निर्माण झाली आहे.

प्रश्न : उत्तेजित अणू ठरावीक सरासरी काळानंतर आपणहून प्रकाश देतो आणि तो काळ त्या अणूचा स्वतःचा गुणधर्म असतो, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. आपल्या टिपणात मात्र ‘भोवती आरसे बसवून हा काळ बदलता येतो’ असे वाक्य आहे. अणूला आरसा असल्याचे कळते तरी कसे? (निवृत्त शिक्षक, देवळाली कॅम्प)

सर, आपण वर्गात शिकवले ते मोकळ्या अवकाशापुरते पूर्णपणे खरे आहे. आइनस्टाइन यांनी १९१७ साली शोषण, उद्दीपित उत्सर्जन (बाहेरच्या प्रकाशाच्या प्रेरणेने प्रकाश देणे) आणि उत्स्फूर्त उत्सर्जन (आपणहून प्रकाश देणे) असे तीन व्यवहार मांडले, त्यांपैकी उत्स्फूर्त उत्सर्जनाचा दर हा अणूचा स्थिरांक म्हणूनच पाठ्यपुस्तकांत येतो. पण ‘मोकळा अवकाश’ हाही एक परिसरच आहे आणि तो सगळीकडे सारखा असल्यामुळे त्याचा वाटा आपल्या लक्षात येत नाही.

प्रकाश बाहेर पडायचा तर त्याला जाण्यासाठी विद्युतचुंबकीय क्षेत्राची एखादी अवस्था, म्हणजे विशिष्ट तरंगलांबी आणि दिशा असलेली वाट, उपलब्ध असावी लागते. मोकळ्या अवकाशात अशा वाटा सर्व दिशांना आणि सर्व तरंगलांबींना असतात. प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या छोट्या पोकळीत मात्र मोजक्याच तरंगलांबींना जागा मिळते, बाकीच्यांना मिळत नाही आणि ज्यांना मिळते त्यांचे क्षेत्र तेथे फार तीव्र असते. अणूचा रंग पोकळीच्या रंगाशी जुळला तर प्रकाश लवकर बाहेर पडतो, नाही जुळला तर उशिरा. ही गोष्ट एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली एका अगदी छोट्या टिपणात, रेडिओलहरींच्या संदर्भात, मांडली होती. पोकळी जितकी लहान आणि तिच्या भिंती जितक्या कमी गळक्या, तितका वेग अधिक, असे त्यांचे सूत्र सांगते. अणूला आरसा ‘कळतो’ तो या अर्थाने की, अणू ज्या क्षेत्राशी बांधलेला आहे त्या क्षेत्राचा आकारच आरशाने ठरतो. अणूजवळ क्षेत्र शून्य कधीच नसते. काळोखातही त्याची किमान हालचाल शिल्लक असते आणि उत्स्फूर्त उत्सर्जन तिच्याशी असलेल्या संबंधातूनच घडते.

क्वांटम डॉट हा घन पदार्थात जागच्या जागी खिळलेला कृत्रिम अणूच असल्याने हा प्रयोग त्याच्यावर फार चांगला करता येतो. गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइड यांचे आलटून पालटून थर देतात. ९३० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी पहिल्याचा थर सुमारे ६६ आणि दुसऱ्याचा सुमारे ७९ नॅनोमीटर जाड ठेवला की प्रत्येक थर त्या पदार्थातील तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा होतो आणि असे अनेक थर मिळून उत्तम आरसा बनतो. खाली एक आरसा, वर एक आरसा, मधल्या थरात डॉट आणि हे सारे कोरून काढलेल्या काही मायक्रोमीटर व्यासाच्या खांबात, अशी ती रचना असते. फ्रान्समधील संशोधकांनी १९९८ साली अशा खांबांत डॉटचे उत्सर्जन सुमारे पाचपट वेगाने होते असे मोजून दाखवले. एरवी डॉटला प्रकाश द्यायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो.

याच्या पुढची पायरी मला सर्वांत विलक्षण वाटते. डॉट हलवता येत नाही, म्हणून त्याचा रंग पोकळीशी जुळवण्यासाठी तापमान थोडे थोडे बदलतात. तापमानाबरोबर डॉटचा रंग लवकर सरकतो आणि पोकळीचा हळू, त्यामुळे वर्णपटात दोन रेषा एकमेकींकडे येताना दिसतात. पोकळी साधारण असेल तर त्या एकमेकींना ओलांडून जातात. पोकळी फार चांगली असेल तर त्या जवळ येतात, थबकतात आणि एकमेकींना न ओलांडता परत दूर जातात. एकाच दोरीला टांगलेल्या दोन सारख्या झोपाळ्यांपैकी एकाला झोका दिला की थोड्या वेळाने तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो, मग पुन्हा पहिला, तसेच येथे घडत असते. डॉटने दिलेला फोटॉन पोकळीतून निसटण्याआधी डॉट तो परत घेतो, पुन्हा देतो, पुन्हा घेतो. या अवस्थेत ऊर्जा प्रकाशाची की द्रव्याची, हा प्रश्नच लागू पडत नाही. ती दोघांची मिळून एक अवस्था असते. एकट्या डॉटवर हे २००४ साली जर्मनीतील वुर्ट्झबर्गच्या गटाने खांबाच्या पोकळीत आणि त्याच वर्षी अमेरिकी गटाने दुसऱ्या प्रकारच्या पोकळीत दाखवले. खांबातील दोन रेषांमधले अंतर केवळ ०.१४ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट होते आणि ते दिसावे यासाठी पोकळी किती निर्दोष असावी लागली असेल, याची कल्पना आपण करू शकता.

याचा व्यवहारातला उपयोग म्हणजे एका वेळी नेमका एकच फोटॉन देणारा स्रोत. डॉटमध्ये इलेक्ट्रॉन आणि होलची एकच जोडी असेल तर तिच्यापासून एकच फोटॉन मिळतो. तो अर्धपारदर्शक आरशावर सोडून दोन्ही बाजूंना शोधक ठेवले, तर दोन्ही शोधक एकाच वेळी कधीच वाजत नाहीत. लेसरचा प्रकाश कितीही मंद केला तरी त्यात कधी शून्य, कधी एक, कधी दोन फोटॉन येतच राहतात, म्हणून गुप्त संदेशांची किल्ली पाठवण्यासाठी डॉटचा स्रोत तत्त्वतः अधिक विश्वासाचा असतो. मर्यादा मोठी आहे. हे सारे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, द्रव हेलियमच्या तापमानाला करावे लागते, कारण त्याहून वर स्फटिकातील अणूंची कंपने फोटॉनांचा एकसारखेपणा बिघडवतात. आपल्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. टीव्हीमुळे क्वांटम डॉटचे नाव घरोघरी गेले हे खरे, पण या क्षेत्रातील खरे मूलभूत काम आपण विचारलेल्या प्रश्नाभोवतीच फिरते आहे.

प्रश्न : अवकाळी पावसापासून बचाव म्हणून आम्ही द्राक्षबागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन टाकतो. क्वांटम डॉट मिसळलेले प्लॅस्टिक वापरल्यास उत्पादन वाढते असे ऐकले. घ्यावे का? (एक बागायतदार, दिंडोरी तालुका)

दादा, अशी फिल्म परदेशात तयार झाली आहे. तीत बहुधा कॉपर इंडियम सल्फाइडचे कण असतात, ते उन्हातील जंबुपार आणि निळा भाग शोषून नारिंगी किंवा लाल प्रकाश देतात. तिच्या चाचण्या मुख्यतः हरितगृहात, लेट्यूस आणि टोमॅटोसारख्या पिकांवर झाल्या आहेत. द्राक्षवेल मोकळ्या रानात, मांडवावर असते, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या बागेला लावता येणार नाहीत.

खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्या. फिल्म नवा प्रकाश निर्माण करत नाही, असलेल्या प्रकाशाचा रंग बदलते. शोषलेल्या एका फोटॉनमागे फार तर एकच फोटॉन परत मिळतो आणि तोही सर्व दिशांना जातो. काही भाग खाली वेलीवर येतो, काही वर आकाशाकडे जातो, काही फिल्ममध्येच अडकून कडेपर्यंत पोहोचतो. म्हणजे एकूण प्रकाश थोडा घटतोच आणि रंग बदलल्याचा फायदा त्या घटीपेक्षा मोठा असेल तरच उपयोग. एप्रिल छाटणीनंतर काडीवरील डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड धरण्याची क्रिया होते आणि तिला प्रकाश लागतो, त्या काळात ही घट परवडेल का हे पाहणे विशेष गरजेचे आहे.

विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या : कणांत कॅडमियम किंवा शिसे नाही याची हमी, फिल्ममधून एकूण किती टक्के प्रकाश खाली येतो याचा आकडा आणि उन्हात कण किती हंगाम टिकतात याची मुदत. कॅडमियम असेल तर खाण्याच्या पिकावर ती अजिबात टाकू नका. समाधानकारक उत्तरे मिळाली तरी सबंध बागेवर एकदम खर्च न करता एकाच वाणाच्या, एकाच दिवशी छाटणी केलेल्या काही ओळींवर ही फिल्म आणि शेजारच्या ओळींवर तेवढ्याच जाडीचे साधे प्लॅस्टिक टाकून घडांची संख्या, वजन आणि साखरेचे प्रमाण वेगवेगळे नोंदवा. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी आधी बोललात तर ओळींची मांडणी कशी करावी याचेही मार्गदर्शन मागता येईल.